द्रौपदी हसली का?



पूर्वरंग झाला, नामजप झाला, बुक्का लागला, हार गळ्यात पडला. आता उत्तररंगाला उभं राहायचं. पण आख्यान लावण्याआधी आज एक वस्तू दाखवतो. मागे बसलेल्यांना ती नीट दिसणार नाही. शिवाय ही कीर्तनं पुढे छापायची आहेत, तेव्हा जे घरी बसून वाचणार आहेत त्यांना तर मुळीच दिसणार नाही. म्हणून सांगतो. हे महाभारताचं चित्रांचं पुस्तक आहे. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, वजनाला चांगलं दीड-दोन किलो भरेल. माझी नात तिसरीत आहे, इंग्रजी शाळेत जाते. मराठी अक्षर लावून लावून वाचते. पण चित्र बघायला अक्षर लागत नाही. तिच्या वाढदिवसाला हे कुणीतरी दिलं.

गेल्या एकादशीला ती हे पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून बसली. गणपती लिहितोय, व्यास सांगताहेत, ते झालं. गंगा झाली, भीष्मप्रतिज्ञा झाली, लाक्षागृह झालं. आणि एका पानावर थांबली. पानावर मयसभा. वर सज्जात द्रौपदी उभी, अंगभर दागिने, तोंडावर हात, डोळ्यांत हसू. खाली दुर्योधन कंबरेइतक्या पाण्यात. आणि द्रौपदीच्या तोंडातून तो फुगा काढतात ना बोलण्याचा, त्यात लिहिलंय, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच!’

पोरीने विचारलं, ‘‘आजोबा, ही असं वाईट का बोलली?’’

श्रोतेहो, माझ्या पोटात गोळा आला. कारण ते वाक्य चित्रकाराचं नव्हतं. ते माझं होतं. म्हणजे माझ्यासारख्यांचं. नारदाच्या गादीवर उभं राहून मी ते किती गावांत म्हटलं असेल याचा हिशेब नाही. नुसतं म्हटलं नाही, करून दाखवलं. उपरण्याचा पदर डोक्यावर घ्यायचा, आवाज बारीक करायचा, पेटीवाल्याने काळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवायची, आणि मी मान वेळावून म्हणायचं, आंधळ्याचा मुलगा! हशा ठरलेला. हशा आला की कीर्तनकाराला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्यावर मी पुढे चढवायचो: बघा, एका बाईच्या जिभेने अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं.

चित्रांवर माझा राग आहे असं कुणी समजू नका. चित्र दाखवून कथा सांगणं हे आपल्याकडे जुनंच आहे. तळकोकणात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर लोक चित्रकथी. रामायण-महाभारताच्या एकेका आख्यानाच्या चित्रांची एकेक पोथी; कागदावर रंगवलेली, पाठीला पाठ लावून चिकटवलेली पानं. वीणा, टाळ, हुडुक घेऊन बसायचं, एक चित्र पुढे धरायचं आणि त्या चित्राची कथा गाऊन सांगायची. मग ते पान बाजूला, दुसरं पुढे. सावंतवाडी संस्थानाने त्यांना आश्रय दिला. तिकडे अकबर बादशहाने महाभारत फारसीत करवून घेतलं, त्याचं नाव रझ्मनामा, तेही चित्रांसकट. मुसलमान बादशहा आणि पांडवांची चित्रं! म्हणजे चित्राचा सोस आजचा नाही.

पण पिंगुळीचं चित्र मुकं असतं बरं का. सांगणारा बोलेल तेव्हा ते बोलतं. ऐकणाऱ्याने मध्येच विचारलं, ‘बाबा, हे असं का?’ तर उत्तर द्यायला माणूस समोर असतो. छापील पुस्तकातलं चित्र स्वतःच बोलतं, फुगा काढून बोलतं, आणि पान उलटलं की संपलं. विचारायचं कुणाला?

आणखी एक माणूस सांगतो, कारण तो आमच्याच गादीवरचा. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध. यमाईचं औंध. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले म्हणून तुम्हाला माहीत असतील. ते चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. राजा असून कीर्तनाला उभा राहायचा! डोंगरावर निम्म्या वाटेवर त्यांनी उभारलेलं संग्रहालय आहे, यमाईला जाल तेव्हा तिथे तासभर काढा. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. या बाळासाहेबांनी 1916 मध्ये चित्ररामायण काढलं, चित्रं स्वतः रंगवून. मग त्यांच्या मनात आलं, आता महाभारत. पुण्याला भांडारकर संस्था 1917 मध्ये निघाली होती. 1918 मध्ये हे तिथे गेले आणि म्हणाले, मला महाभारत सचित्र काढायचंय, तुम्ही ग्रंथ शुद्ध करून द्या, मी एक लाख रुपये देतो. त्या काळचे लाख!

राजाला वाटलं असेल, दोन-चार वर्षांत होईल. पंडित म्हणाले, चित्रं नंतर, आधी व्यासांनी काय म्हटलंय ते बघू. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या गोळा केल्या. शारदा लिपीतल्या, बंगालीतल्या, मल्याळीतल्या. बाराशेंच्या वर पोथ्या. ओळीला ओळ लावून बघायची, कुठल्या पोथीत काय आहे, काय नाही. 1919 च्या एप्रिलमध्ये रामकृष्णपंत भांडारकरांच्या हातून आरंभ झाला. विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले, ते मध्येच 1943 मध्ये गेले. बाळासाहेब 1951 मध्ये गेले. काम पुरं झालं 1966 साली. चित्रांच्या हौसेने सुरू केलेली गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षं चालली आणि हौस करणारा शेवट बघायला उरला नाही. पण ते मोठे खंड उघडून बघा, पहिल्याच पानावर छापलंय की यातली चित्रं औंधच्या राजाने प्राचीन नमुन्यांवरून काढली आहेत. ग्रंथ आणि चित्र हातात हात घालून आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बुवा भरकटले. नाही. त्या पोथ्यांपाशीच यायचंय. पण मी तिथे विद्वत्तेने गेलो नाही, एका बाईने मला तिथे ढकललं.

वीसेक वर्षं झाली. एका गावी सप्ताह होता, गावाचं नाव सांगत नाही. पाचव्या दिवशी मी हेच आख्यान लावलं, मयसभा ते द्यूत. हशा झाला, टाळ्या झाल्या, आरती झाली. पाया पडायला रांग लागली. शेवटी एक बाई राहिली, पन्नाशीची असेल. नऊवारी, हातात प्रसादाचा द्रोण, त्यातलं काही खाल्लेलं नव्हतं. म्हणाली, ‘‘महाराज, एक इचारू का? रागवू नका.’’

म्हटलं, विचारा माउली.

म्हणाली, ‘‘माझी लेक तीन म्हैन्यांपासून घरी आलीया. सासरी दिराला सगळ्यांच्या म्होरं हसली. तो गाडीवरनं चिखलात पडला, म्हणून हसली. नवऱ्यानं हात उगारला. आम्ही चार माणसं घेऊन गेलो तर त्येंच्या घरचा म्हातारा म्हणतो, द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडलं, पोरीला हसू आवरता येत न्हाई का? महाराज, मला वाटलं हे त्येचंच बोलणं. आज तुमीबी तेच सांगितलंत. मंग चूक माझ्या लेकीचीच का?’’

काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, देवावर भरवसा ठेवा, आणि कपाळाला बुक्का लावला. ती गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. बुक्का हे काही उत्तर नव्हे.

घरी आल्यावर आजोबांच्या वेळची नीळकंठी टीकेची प्रत काढली. नीळकंठ म्हणजे आपला कोपरगावचा, गोदाकाठचा. काशीला राहून त्याने अख्ख्या महाभारतावर टीका लिहिली. सभापर्व काढलं. इतकी वर्षं हे आख्यान लावत होतो, पण मूळ सलग वाचलं नव्हतं, हे तुमच्यासमोर कबूल करतो. वहीतून वहीत उतरवलेलं आख्यान आम्ही लावतो. वाचत गेलो.

तिथे काय आहे? राजसूय संपला. राजेलोक आपापल्या गावी गेले. श्रीकृष्णही द्वारकेला गेले. मागे राहिले फक्त दुर्योधन आणि शकुनी. दुर्योधन सभा बघत हिंडतो. स्फटिकाची जमीन त्याला पाणी वाटते, तो वस्त्र वर उचलतो. पुढे खरंच कमळांचं तळं लागतं, ते त्याला जमीन वाटतं, आणि तो सगळ्या कपड्यांसकट आत पडतो. भीम हसतो. नोकरचाकर हसतात. राजाच्या आज्ञेने त्याला कोरडी, उंची वस्त्रं देतात. मग पुन्हा फसतो, तेव्हा अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. दारावर डोकं आपटतं.

आणि द्रौपदी? द्रौपदी त्या जागी नाहीच! सज्जा नाही, तोंडावर हात नाही, आंधळ्याचा मुलगा नाही. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. मग पुण्याच्या शुद्ध प्रतीत बघून आलो. सभापर्वाचं संपादन एका अमेरिकन पंडिताने केलंय, एजर्टन त्याचं नाव. त्याला द्रौपदीची बाजू घ्यायचं काही कारण नव्हतं. तिथेही ते वाक्य नाही.

मग हसणं आलं कुठून? थोडं पुढे वाचा. दुर्योधन हस्तिनापूरला येतो, तोंड काळवंडलेलं, जेवण जात नाही. बापापुढे रडगाणं गातो. त्यात सांगतो, कृष्ण आणि अर्जुन मला मोठ्याने हसले, आणि द्रौपदीसुद्धा बायकांबरोबर हसली. बघा गंमत! कृष्ण हसला म्हणतो. अरे बाबा, कृष्ण तर द्वारकेला गेला होता, तू आणि तुझा मामा दोघेच मागे राहिला होतात, हे त्याच पर्वात आधी लिहून ठेवलंय. जो साक्षीदार नसलेल्या माणसाला हसताना बघतो, त्याच्या साक्षीवर आपण बाईला फासावर दिलं? कोर्टात असा साक्षीदार उलटतपासणीत पाच मिनिटं टिकणार नाही. इथे वकील मंडळी असतील, त्यांना विचारा.

घटकाभर धरून चाला की हसली. पाण्यात माणूस पडला, माणसं हसली, तीही हसली. भीमही हसला होता. ‘भीम हसला म्हणून महाभारत झालं’ असं कुठल्या कीर्तनकाराने कधी म्हटलंय? मी म्हटलेलं नाही.

आणि ते तोंडात घातलेलं वाक्य! दुर्योधनाने बापाला भडकवायला काय काय सांगितलं, रत्नं, हत्ती, खंडणी, सगळं सांगितलं. ‘तुम्हाला आंधळं म्हणाली’ एवढं एक वाक्य खरं असतं तर त्याने सोडलं असतं का? तेच पहिलं सांगितलं असतं. ते नंतर कुणीतरी रचलं, आम्ही उचललं, टीव्हीवर आलं, आता पोरांच्या पुस्तकात फुगा काढून छापलं जातंय.

पुढचं पान उलटू. द्यूतसभा. कुठलंही चित्रांचं महाभारत घ्या, हे चित्र असणारच. मध्ये द्रौपदी हात जोडून, दुःशासन वस्त्र ओढतोय, वस्त्राचा ढीग पडलाय, वर आकाशात श्रीकृष्ण, हातातून वस्त्राचा ओघ सुटलाय. हे चित्र माझ्याही देवघराच्या भिंतीवर आहे. पण या चित्राच्या आधी जे घडलं ते कुणी रंगवत नाही. प्रातिकामी तिला बोलवायला आला, तेव्हा ती रडत बसली नाही. म्हणाली, जा, त्या जुगाऱ्याला भर सभेत विचारून ये की त्याने आधी स्वतःला हरवलं की मला? स्वतः आधी दास झाला असेल तर दासाला मला पणाला लावायचा अधिकार काय? केवढा प्रश्न आहे! धर्मराज मुडद्यासारखा बसून राहिला. मग दुःशासन गेला. राजसूयाच्या अवभृथस्नानात मंत्रांनी शिंपलेले केस होते ते, ते धरून ओढत आणलं. ती रजस्वला, अंगावर एकच वस्त्र. ओढली जात असतानाही तिचं विचारणं चालूच. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. पितामहांना देता येत नाही! उत्तर दिलं ते कौरवांतल्याच विकर्णाने. तो उठून म्हणाला, ही जिंकलेली नाही. त्याला कर्णाने गप्प बसवलं. चित्रात विकर्ण कुठे असतो? सापडत नाही. सिंहासनावरची बुजुर्ग मंडळी असतात, खाली माना घालून.

आता कीर्तनकाराच्या पोटावर पाय देणारी गोष्ट सांगतो. पुण्याच्या शुद्ध प्रतीत वस्त्रहरणाच्या त्या जागी द्रौपदीचा धावा नाही. कृष्णाला मारलेली हाक संपादकांनी खाली टिपांत नेली, कारण जुन्या पोथ्यांचा तिला आधार मिळत नाही. तिथे एवढंच उरतं: वस्त्र ओढलं की तसंच दुसरं निघतं, मग आणखी, मग ढीग पडतो, आणि दुःशासन थकून, लाजून खाली बसतो. वस्त्र कुणी दिलं ते सांगितलेलं नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ती कथासुद्धा परिशिष्टात गेलीय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घशाखाली पाणी उतरेना. एक वाक्य खोटं निघालं म्हणून मी खूश झालो होतो, आणि त्याच तराजूत माझा देवही तोलला गेला. आता? एका पारड्यात घातलेलं दुसऱ्यातून काढून घ्यायचं, हे बनियेगिरीचं. त्या बाईपुढे शुद्ध प्रत दाखवायची आणि धाव्याच्या वेळी झाकून ठेवायची, असं नाही चालत.

महिनाभर धाव्याचं आख्यान लावलं नाही. कुणी फर्माईश केली तर सुदामा लावायचो. वाचणं मात्र सोडलं नाही. सभापर्व संपलं, वनपर्व लागलं. तिथे कृष्ण वनात येऊन पांडवांना सांगतात, मी द्यूताच्या वेळी शाल्वाशी लढत होतो, द्वारकेच्या जवळ असतो तर आलो असतो आणि खेळ थांबवला असता. म्हणजे दूर होते. मनात आणखी कालवाकालव. मग विराटपर्व, मग उद्योगपर्व. संजय निरोप घेऊन पांडवांकडे जाऊन आलाय आणि धृतराष्ट्राला सांगतोय, मी काय पाहिलं. अंतःपुरात गेलो. तिथे कृष्ण आणि अर्जुन बसले होते, द्रौपदी आणि सत्यभामा जवळ होत्या. आणि कृष्ण मला म्हणाले,

इथे मी थांबलो, मंडळी. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

कृष्ण म्हणतात की मी लांब होतो, तेव्हा द्रौपदीने ‘गोविंदा’ म्हणून मला हाक मारली, त्या हाकेचं ऋण माझ्यावर वाढत चाललंय आणि ते काही केल्या माझ्या काळजातून जात नाही.

हे शुद्ध प्रतीत आहे! बाराशे पोथ्या चाळून उरलंय ते. तिने हाक मारली हे देव स्वतः सांगतोय. आणि पुढे काय म्हणतो? ‘मी वस्त्र दिलं’ म्हणत नाही. ‘मी वाचवलं’ म्हणत नाही. म्हणतो, मी देणं लागतो. अहो, सावकार व्याज मोजतो, इथे देणेकरीच व्याज मोजतोय! आम्ही आयुष्यभर सांगितलं की द्रौपदी देवाची ऋणी. इथे उलट खतावणी आहे.

विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे. तो कुणाचं देणं लागतो, किती जणींचं, ते त्याच्या वहीत असेल.

त्या दिवसापासून आख्यान पुन्हा लावायला लागलो. धावा गातो, मोठ्याने गातो, त्यात मला आता संकोच नाही. आंधळ्याचा मुलगा मात्र टाकला. पहिल्या वर्षी एका गावी एक जुने श्रोते नंतर येऊन म्हणाले, ‘‘बुवा, वय झालं वाटतं, ती हशाची जागा विसरलात.’’ म्हटलं, विसरलो नाही, उशिरा आठवली.

त्या सप्ताहाच्या गावी दुसऱ्या वर्षी मुद्दाम, बिदागीचं न बोलता गेलो. तेच आख्यान लावलं, जसं आहे तसं. बायकांच्या बाजूला बघत होतो. ती बाई दिसली नाही. विचारलं तर कळलं की लेकीला घेऊन कामासाठी शहराकडे गेली, कुठे ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. तिला सांगायचं राहिलं. म्हणून जिथे जाईन तिथे सांगतो, आणि आता छापायलाही दिलं. न जाणो, कुणाच्या हातून पुस्तक पोचेल.

पुस्तकातलं शेवटचं एक पान. म्हणजे नसलेलं पान. वस्त्रहरणानंतर धृतराष्ट्र घाबरला, अपशकुन व्हायला लागले होते. द्रौपदीला म्हणाला, वर माग. तिने पहिल्या वराने धर्मराजाला दास्यातून सोडवलं, माझ्या मुलाला कुणी दासाचा मुलगा म्हणू नये म्हणाली. दुसऱ्या वराने उरलेले चौघे, रथांसकट, शस्त्रांसकट. धृतराष्ट्र म्हणाला, तिसरा माग. ती म्हणाली, नको. क्षत्रिय स्त्रीने दोनच मागावेत. स्वतःसाठी काही मागितलं नाही.

तेव्हा कर्ण, ज्याने तिला नको नको ते बोलून घेतलं होतं, तोच कर्ण भर सभेत बोलून जातो की पांडव अथांग पाण्यात बुडत होते, ही पांचाली त्यांची होडी झाली आणि तिने त्यांना पलीकडे नेलं. शत्रूच्या तोंडचं आहे हे! म्हणाला टोमण्याने, भीमाला ते झोंबलं. पण निघालं खरं.

नातीला हे सांगितलं. तिने सगळं पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. म्हणाली, ‘‘आजोबा, यात होडी कुठेच नाही.’’ म्हटलं, नाही बाई. मग पेन्सिल आणली आणि त्या फुग्यावर, आंधळ्याच्या मुलावर, इतकं गिरगटलं की वाचता येईना. तिची आई रागावली, एवढं महागाचं पुस्तक! मी रागावलो नाही.

हे पुस्तक इथे चौरंगावर ठेवतो. मुलांनो, प्रसाद घेतलात की हात पुसून बघायला या, ओढाओढी करू नका. मयसभेचं पान मळलंय, ते असंच आहे. पेटी जरा भैरवीला लावा. मृदंग? हं. आता धावा घेऊ, तुम्ही मागून म्हणा, आणि मग आरतीला उठू.